रेट्टामावशीनं ठोठावणं सोडलं

रेट्टामावशी आमची नात्यानं कुणी लागत नव्हती, पण लिंडेनरोट ह्या आमच्या जर्मन खेड्यातली सगळी पोरं तिला मावशीच म्हणायची. लोकांचे कपडे धुऊन पोट भरायची. एकटी, आणि जिभेची तिखट. "कशी आहेस?" विचारलं तर म्हणायची, "मेले की कळवीन."

आमचं कोठार म्हणजे ज्यूंचं जुनं सिनेगॉग, त्यांचं प्रार्थनाघर. गावात सगळ्यांना ठाऊक, पण बोलायचं नाव नको. छताला निळ्या रंगावर चांदण्या, आणि खाली आमचे बटाटे, बीट आणि ट्रॅक्टर. एकोणीसशे अडतीस साली नाझींनी देशभर सिनेगॉग जाळली, तेव्हा ह्याला आग लावली नाही, ती काही दयामाया म्हणून नव्हे. शेजारी आमची गवताची गंजी होती, ती पेटली असती. आतलं सामान मात्र रस्त्यावर आणून फोडलं. मग गावानं इमारत विकायला काढली आणि माझ्या बापानं घेतली.

मावशी लहानपणी तिथं शेगडी पेटवायची. शनिवारी ज्यूंना विस्तव पेटवायला बंदी, म्हणून आम्हा ख्रिस्ती लोकांतली एखादी पोर लागायची. बदल्यात वेणी घातलेल्या पावाचा तुकडा. किल्ली असायची ल्योब झिखेलकडे. तो लंगडा विधुर झाडलोटही करायचा आणि पोरांची थट्टाही. त्यानंच तिला शिकवलं होतं.

"पोरी, सकाळी दार उघडण्याआधी तीनदा ठोठाव. रात्री आपले गेलेले लोक आत प्रार्थनेला बसतात. उजाडलं हे त्यांना कळू दे, म्हणजे उठून आपापल्या जागी जातील."

"आणि नाही गेले तर?"

"जातात गं. टेकडीवर थडगी आहेत ना त्यांची."

त्याच टेकडीवरच्या दफनभूमीत त्याची बायको येट्टे होती. तिच्या शेजारची जागा त्यानं स्वतःसाठी राखली होती. बेचाळीस साली ल्योबला आणि उरल्यासुरल्या सगळ्यांना ट्रकमध्ये घालून नेलं. गाव पडद्याआडून बघत होतं. कुणी परत आलं नाही.

युद्धानंतर मावशी आमच्याकडे कामाला लागली. पण सकाळी कोठाराच्या दाराला हात लावायची नाही. बटाटे आदल्या संध्याकाळीच काढून ठेवायची. बाप चिडवायचा, "काय गं रेट्टा, भुतं आहेत की काय आत?"

"आहेत. तुझ्यापेक्षा बरी आहेत."

मी हसायचे. पण खरं सांगते, सकाळी त्या दारावरून जाताना माझे पाय आपोआप भरभर पडायचे. आत कुणीतरी श्वास रोखून बसलंय असं वाटायचं.

माझं लग्न ठरलं त्या वर्षी बापानं कोठार पाडून गाड्यांसाठी शेड बांधायचं काढलं. मावशीनं हातापाया पडून सांगितलं, "हायनर, दुसरीकडे बांध. हे तेवढं राहू दे." बाप कसला ऐकतोय! सकाळी पाडायचं यंत्र अंगणात आलं, तर म्हातारी ॲप्रन बांधून दाराला पाठ लावून उभी.

बापाला तिला ओढून काढायला जड गेलं असावं. तो मऊ आवाजात म्हणाला, "बरं बाई, तुझ्या ल्योबचा रिवाज पाळतो. मग तर झालं?" आणि तिच्या डोक्यावरून हात घालून त्यानं दारावर तीनदा ठोठावलं. "गेली सगळी. आता हो बाजूला."

मावशी पांढरीफटक पडली.

"काय केलंस रे मेल्या! एवढी वर्षं मी का ठोठावत नव्हते? आधीच्यांना टेकडीवर घर होतं. ह्यांना कुठंय? येट्टेशेजारची जागा अजून रिकामी आहे, जाऊन बघ! ट्रकमधून नेलेल्यांपैकी एकाला तरी मूठभर माती मिळाली का? एवढं एकच छप्पर उरलं होतं त्यांना. त्यातूनही हाकललंस. दुसऱ्यांदा!"

यंत्रवाल्यानं इंजिन बंद केलं.

मग मावशीनं स्वतःच दार ढकललं आणि आतल्या अंधारात हाक मारली. आवाज असा, की पाहुणे उठून निघालेत आणि ही त्यांना थांबवतेय.

"ल्योबकाका, बसा हो. उठू नका. ह्याला अक्कल नाही, मनावर घेऊ नका. बसा सगळे."

आत सगळं गप्प. मग ढिगावरून एक बीट सुटलं आणि गडगडत उंबऱ्यापाशी आलं. बीट काय, सुटतंच कधीतरी. पण मला वाटलं, परत बसताना कुणाचा तरी धक्का लागला.

बापानं ते बीट उचललं, आत नेऊन ठेवलं आणि यंत्र परत पाठवलं. त्या दिवशी तो जेवला नाही. शेड पुढं रस्त्यापलीकडे बांधली, आणि कोठार सकाळी उघडायचं नाही हा आमच्या घरचा नियमच झाला.

मावशी गेली, बापही गेला. आता किल्ली माझ्याकडे असते. शहरातून लोक चांदण्यांचे फोटो काढायला येतात, सकाळचा उजेड चांगला म्हणतात. मी त्यांना दुपारनंतर बोलावते. परवा एकजण घाईघाईनं पुढं झाला आणि सवयीनं ठोठावायला त्यानं हात उचलला. मी त्याचं मनगट धरलं.

"ठोठावू नका," म्हटलं. "आत माणसं आहेत."