शेवटच्या बांधीचा चिखल

आमच्या गावच्या तलावाचं पाणी सगळ्यांत आधी सगळ्यांत शेवटच्या शेताला मिळायचं. बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटतं आणि मला समजावून सांगायचा कंटाळा आहे, तरी सांगते. सिंदेवाहीच्या बाजूला पाऊस दगा देतो तो अश्विनात, नेमका धान गर्भात असताना. मग सगळं गाव तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जमायचं. तुडमाची बुचं निघायची. तुडूम म्हणजे पाळीच्या पोटातलं पाणी सोडायचं दगडी तोंड. तिथून पाणी पाटाने थेट शेवटच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, जायचं, आणि त्या बांधीचा मालक मूठभर ओला चिखल घेऊन पाळीवर यायचा. तो चिखल दिसल्याशिवाय तलावाजवळच्या कोणी आपल्या बांधीकडे पाणी वळवायचं नाही. जवळच्याने आधी घेतलं तर लांबच्याला उरत नाही, एवढाच त्यामागचा विचार.

शेवटची बांधी माझ्या आत्याची होती. आमच्या बौद्ध वस्तीला जमिनी मिळाल्या त्या तलावापासून लांबच्या, बाकीच्यांना नको असलेल्या. पण या रिवाजामुळे त्याही पिकायच्या. नवरा गेल्यावर आत्याने त्याच बांधीवर दोन पोरी वाढवल्या. चिखल घेऊन येताना तिची ऐट बघण्यासारखी असायची. ज्यांच्या ओसरीवर तिला कधी कोणी बसवलं नव्हतं, ते सगळे पाळीवर तिची वाट बघत बसलेले असायचे.

ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत बाबांना विजेचं वेड लागलं. बाबा गावच्या शाळेत मास्तर. आपल्याच जिल्ह्यातला कोळसा जाळून वीज होते, तिच्या तारा आपल्या डोक्यावरून दूर कुठेतरी जातात आणि आपली पोरं चिमणीच्या धुरात पाढे म्हणतात, हे त्यांना सहन होत नसे. विजेच्या ऑफिसात चकरा मारल्यावर त्यांना कळलं की शेतीपंपाला मागणी असली तर खांब लवकर येतील. पंप घ्यायला तयार झाले ते तलावाच्या वरच्या अंगाचे शेतकरी. त्यांची शेतं उंचावर, तुडमाचं पाणी त्यांना कधीच मिळालं नव्हतं. तेव्हा बाबा घरोघर फिरून लोकांना पटवत होते. मी ब्रह्मपुरीला कॉलेजात होते. सुटीत घरी यावं तर विजेशिवाय दुसरा विषय नाही.

आत्याने एकदाच विचारलं, की मोटरा तलावावर बसल्या तर माझ्या बांधीचं काय. बाबा म्हणाले, "तुडमाले कोनी हात नाई लावत, बाई. ते माह्यावर सोड." मोटर घेणाऱ्या प्रत्येकालाही त्यांनी तसं बजावलं.

वीज आली. आत्याच्या घरात बल्ब बाबांनी स्वतः लावला. त्या संध्याकाळी ती बल्बखाली नुकतेच निवडलेले तांदूळ पुन्हा निवडत बसली होती, आणि मी तिला त्यावरून चिडवलंही. इतकी खूश मी तिला आधी कधी पाहिली नव्हती.

पुढच्याच वर्षी पोळ्यानंतर पाऊस गेला तो गेलाच. दसऱ्याच्या सुटीत मी घरी होते. गाव पाळीवर जमलं, बुचं निघाली, पाणी पाटाला लागलं. धार बारीक होती. सगळे बसून राहिले. ज्यांच्या बांध्या पाळीला चिकटून होत्या, त्यांच्यापैकी एकानेही फावड्याला हात लावला नाही. रिवाज कुठे म्हणून मोडला नाही. आणि आमच्या पाठीमागे, तलावाच्या वरच्या काठाला, मोटरा घुमत होत्या. त्या अशाच कितीतरी दिवस चालू होत्या. मोटरवाले शेतकरीही आमच्यातच बसून आत्याची वाट बघत होते, अगदी मनापासून. तुडमाचं पाणी आणि तलावाचं पाणी एकच, हे त्या पाळीवर कोणाच्या डोक्यात आलं नाही. मला आजही याचा राग येतो, आणि राग कोणावर काढावा ते कळत नाही. कारण लबाडी कोणीच केली नव्हती.

दुपार कलल्यावर आत्या आली. तिने मूठ उघडून वाळकं ढेकूळ बाबांच्या हातावर ठेवलं.

"पाटातच आटलं, भाऊ. लोकाईले सांग, घ्या म्हनाव आता तुमचं."

बाबा तडक मोटरवाल्यांकडे गेले, बंद करा म्हणाले. त्यांनी शांतपणे आठवण करून दिली, की तुडमाला हात लावायचा नाही असं मास्तरच म्हणाले होते आणि त्यांनी तो लावला नव्हता. बाबा तसेच परत फिरले.

आत्याचा धान गर्भातच वाळला. तिने त्यात गुरं सोडली. पुढच्या पावसाळ्यात बाबांनी बियाणं नेऊन दिलं, ते तिने परत पाठवलं, बांधी पडीक ठेवली आणि दुसऱ्यांच्या शेतात रोजीने जायला लागली. तिच्या घरातला बल्ब रोज लागायचा. बाबा मात्र तिच्याकडे दिवसाउजेडीच, बल्ब लागायच्या आत जाऊन यायचे. विजेसाठी धडपडले ते चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याच उजेडात वस्तीतली पोरं शिकली. पण आधी पाण्याचं ठरवून मग खांब आणायला हवे होते. ते राहिलं, आणि त्याचं नुकसान तिच्या वाट्याला आलं.

त्या पावसाळ्याआधीच्या उन्हाळ्यात बाबा पुन्हा घरोघर फिरले होते, आणि गावाने ठरवलं होतं की बुचं निघायच्या कितीतरी आधीपासून मोटरा बंद राहतील, आणि चिखल येईपर्यंत कोणी बटण दाबायचं नाही. अश्विनात ठरल्याप्रमाणे सगळ्या मोटरा गप्प होत्या. तुडूम उघडलं, पाण्याला चांगला जोर होता. लोक पाटाकडे बघत बसले. चिखल घेऊन येणारं कोणी नाही, हे लक्षात यायला जरा वेळ लागला. मग बाबा उठले, पायजमा वर खोचून चालत गेले आणि त्या पडीक बांधीतला चिखल घेऊन परत आले.

पाळीखालच्या एका शेतात आत्या बाकीच्या बायांबरोबर निंदत होती. बाबांना बघून ती उभी राहिली.

"आलं का पानी, भाऊ?"

"आलं, बाई."

"बरं झालं," ती म्हणाली आणि पुन्हा वाकून निंदायला लागली. लोकांनी फावडी उचलली, ती निंदत होती त्या शेताकडे पाणी वळलं. बाबा मूठ मिटून तसेच उभे होते. तो चिखल कुठे टाकावा, ते त्यांना कळत नव्हतं.