राहेलबाईंना गप्प का बसवले?

भगिनींनो, आज बुधवारी दुपारी तीन वाजता भोरच्या आपल्या प्रार्थनेच्या खोलीत हा प्रकार घडला.

येशूच्या कबरेपाशी पहाटे कोण गेले, हे आम्ही बायबलातल्या चारही शुभवर्तमानांतून वाचत होतो. नावे जुळेनात. किकवीच्या राहेलबाईंना वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, "पन बाया आदी गेल्या, ह्ये चौघंबी सांगत्यात न्हवं?"

"बायकांनी अर्थ लावू नयेत. यापुढे एकच शुभवर्तमान वाचा," आपल्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले.

"मंग म्या न्हाई यायची," म्हणून राहेलबाई निघून गेल्या.

गप्प बसणे मला कॉन्व्हेंटातच शिकवले होते. आता त्याचा शीण आला आहे. कबर रिकामी आहे, हे सांगत आलेल्या बायकांचे बोलणेही येशूच्या शिष्यांना खरे वाटले नव्हते.

राहेलबाईंची माफी मागायला पाळकसाहेब किकवीला कधी जाणार, ते त्यांनी शनिवारी दिवस मावळण्याआधी आपल्याला लेखी कळवावे.