उजवा टाका, डावा टाका

निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली, पण मॅटीच्या कापडावर फुल्यांनी भरलेली ती मोरांची जोडी अजून माझ्या नजरेसमोर आहे.

भूकंपाला दहाएक वर्षं झाली होती. लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं आणि मी तिथल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सायकलचोऱ्या, खोलीमालकांच्या तक्रारी, खानावळीतली भांडणं, हेच आमचं रोजचं काम.

एका सकाळी हजेरी आटोपून बाहेर आलो, तर ठाणे अंमलदारासमोर एक बाई बसली होती. भूकंपात जमीनदोस्त झालेल्या गावची. लातुरात विद्यार्थ्यांना डबे पुरवायची. एका क्लासच्या संचालकांच्या केबिनमध्ये तिला काचेच्या फ्रेममध्ये ही मोरांची जोडी दिसली होती.

"सायब, ते माज्या मायनं भरलेलं हाय. आमच्या घरात व्हतं. मी सासरी व्हते म्हणून वाचले. माय गेली. माज्यापाशी तिचा फोटोबी न्हाई."

"असे मोर घरोघरी असतात, बाई," अंमलदार म्हणाला. ते खरंच होतं.

"खूण काय?" मी विचारलं.

"खाली मायचं नाव हाय."

तिला घेऊन क्लासवर गेलो. संचालकांनी पावती दाखवली. नांदेडच्या जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याकडून त्यांनी ती घेतली होती. निजामाच्या काळातली, एका देवडीतली, म्हणजे सरदाराच्या वाड्यातली, असं त्याने सांगितलं होतं. दोन पंचांसमोर फ्रेम उघडली. खाली नाव नव्हतं. संचालकांनी तिथेच बाईला सांगितलं, उद्यापासून क्लासचे डबे बंद.

ती पदराने हात पुसत उभी राहिली. खोटं पकडलं गेलेला माणूस बहुधा वाद घालतो, असा माझा अनुभव. मी कापड पुन्हा पाहिलं. तीन कडांची शिवण विटलेली होती, खालची मात्र ताज्या दोऱ्याची. पंचनामा करून मी मुद्देमाल ताब्यात घेतला.

पण ओळख पटवायची कशी? आमच्या एका हवालदाराला उदगीरच्या एक वृद्ध मावशी माहीत होत्या, सगळे त्यांना खाला म्हणत. भरतकामात त्यांचा जन्म गेला होता. मी कापड घेऊन त्यांच्याकडे गेलो. बाईबद्दल एक शब्दही बोललो नाही.

खालांनी कापड उलटं पसरलं आणि मागच्या बाजूने बोटं फिरवली. "देवडीतलं न्हाई हे. खरं जुनं कापड आधी घडीवर पिवळं पडतं. हे सगळीकडं सारखंच पिवळं हाय. चहाच्या पाण्यात बुडवलंय. लई तर वीस वर्षांचं असंल."

मग कापड सरळ करून त्यांनी ते डोळ्यांजवळ धरलं. "सायब, हे दोघींनी भरलंय."

"कशावरून?"

"फुली म्हणजे एकावर एक दोन तिरके टाके. मोराच्या अंगावर वरचा टाका एकीकडं झुकतो, खालच्या वेलीवर उलटीकडं. मोर भरणारी उजव्या हाताची. वेल भरणारी डावखुरी, आणि लहान पोर. दोरा ओढून ओढून कापड गोळा केलंय तिनं." त्यांचं बोट एका पानावर थांबलं. "हितं तिचं फुलीचं एक घर चुकलं. मोठीनं ते उसवलं न्हाई. शेजारच्या पानात आपल्या हातानं एक घर वाढवलं आणि चूक झाकली. हा टाका बगा, उजव्या हाताचा हाय."

बोटांचे ठसे मी शेकडो वेळा पाहिले होते. पण धाग्यावरून त्या दोन माणसं वाचत होत्या.

लातूरला येऊन बाईला बोलावलं. टेबलावर मॅटीचा तुकडा आणि सुईदोरा ठेवला. "चार फुल्या भरून दाखवा."

तिने सुई डाव्या हातात धरली. वरचा टाका वेलीसारखाच झुकला.

"मोर तुम्ही भरले?"

"न्हाई. मोर मायचे. मला वेल दिली व्हती, तिसरीत व्हते मी. एक पान चुकलं तर माय म्हणली, राहू दे, झाडाची पानं तरी कुठं सारखी असत्यात."

नांदेडच्या व्यापाऱ्याला चौकशीला आणलं. तासभर तो देवडीचीच कथा सांगत होता. मी खालची कड त्याच्यापुढे ठेवली आणि खालांचा जबाब वाचून दाखवला. त्याने पाणी मागितलं. मग बोलला. ढिगाऱ्यातून पळवलेल्या पेट्या त्याने विकत घेतल्या होत्या. नाव त्यानेच कापलं, चहात त्यानेच बुडवलं.

संचालकांनी तो जबाब दोनदा वाचला आणि कापड बाईला द्यायला हरकत नसल्याचं लिहून दिलं. डबेही पुन्हा सुरू केले.

मुद्देमालाची किंमत लिहायची म्हणून खालांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "बाजारात ह्याच्यापेक्षा फ्रेमची काच महाग." मी तसंच नाममात्र लिहिलं.

कोर्टाच्या आदेशाने कापड परत दिलं, तेव्हा खाला काय म्हणाल्या ते मी बाईला सांगितलं. तिने ते पान शोधलं. बोटाने एकेक घर मोजलं. पुन्हा मोजलं.

"हे मला म्हाईतच नव्हतं," ती म्हणाली. "मला वाटलं, मायनं तसंच सोडलं."

स्टेशन डायरीत 'मुद्देमाल परत केला' एवढीच नोंद झाली. मी मात्र त्या दिवशी एक गोष्ट शिकलो. मुकी वस्तूही साक्ष देते, फक्त तिची भाषा जाणणारं माणूस शोधावं लागतं. आणि ते माणूस बहुधा अशा एखाद्या गल्लीत बसलेलं असतं, जिच्या तोंडावरून आमची जीप रोज न थांबता जाते.