अपशकुन आणि जखम

गोजाबाई सून म्हणून मुरबाडजवळच्या या गावात आल्या, तेव्हा सासरच्यांनी धम्म स्वीकारून देव्हारा उतरवलेला होता. भगत, अंगारा, शकुन यांना त्यांनीही आयुष्यभर उंबरठ्याबाहेर ठेवले.

२००६ साली त्यांचा मुलगा रूपेश वेल्डर म्हणून मस्कतला निघाला. गावातून विमानात बसणारा तो पहिलाच. गावभर लगबग होती. कोणी पापड आणले, कोणी सुकट बांधून दिली. निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळी घरोघर निरोप घेत असताना एका कुत्र्याने त्याच्या पोटरीला चावा घेतला.

“जायच्या टायमाला कुत्रा चावला, ह्ये चांगलं नाय गो,” शेजारच्या सकुबाई म्हणाल्या. “भगताला दाखव, नायतर विमान सोड.”

“आमी शकुन मानत नाय. पोरगा उद्या जानार.”

गोजाबाईंनी पोटरीला फडके बांधून विषय संपवला. दुपारी तेच कुत्रे जबडा लोंबवून, लाळ गाळीत, झोकांड्या खात गल्लीतून गेले. गोजाबाई जागीच थबकल्या. तपासल्याशिवाय काही मानायचे नाही, असे त्या सर्वांना बजावत आल्या होत्या. पण अपशकुन झिडकारताना त्यांनी जखमही न तपासताच झिडकारली होती.

“रूपेश, साबण घे. नळाखाली पाय धर, चांगला धू. मुरबाडला जायचंय.”

“आई, डॉक्टरनं थांबवलं तर नोकरी जाईल.”

“जाऊ दे. तू रहा.”

सकुबाई दारात हसत उभ्या होत्या. “शेवटी मानलंस ना गो?”

सगळी गल्ली हसली. हे हसणे गोजाबाईंना कुत्र्याच्या दातांहून खोल लागले.

“चुकले मी. पन भगताकडं नाय, दवाखान्यात चाललेय. तुजी पोरं आत घे आदी, कुत्रा पिसाळलाय.”

सकुबाईंचे हसू विरले. त्या मुलांना हाका मारीत धावल्या.

दवाखान्यात जखमेभोवती आणि दंडात इंजेक्शने दिली गेली. डॉक्टर म्हणाले, “विमान चुकवू नका. पण राहिलेली इंजेक्शनं तिकडे ठरल्या दिवशी घ्यायची. एकही चुकवायचं नाही.”

रूपेश ठरल्या वेळी उडाला. पुढचे आठवडे गोजाबाईंना अन्न गोड लागले नाही. अखेर सकुबाईंच्या थोरल्या मुलाच्या मोबाइलवर त्याचा फोन आला. तो समुद्राचे, उंच इमारतींचे सांगू लागला.

“ते मागनं. सुई घेतलीस?”

“आज शेवटची घेतली, आई.”

गोजाबाईंनी फोन छातीशी धरला आणि त्या सकुबाईंकडे वळल्या. “घेतली गो, सगळी घेतली.”

“मंग आता तरी जेव,” म्हणत सकुबाईंनी त्यांच्यापुढे ताट सरकवले.