फॉलोअरांना कारणे दाखवा

फॉलोअर वाढावेत म्हणून लोक काय काय करतात! नाचतात, रडतात, तोंडाला पीठ फासून गाणी म्हणतात. पण आहेत तेवढ्या फॉलोअरांना शिस्त लावायला बसलेला माणूस अख्ख्या नागपुरात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात. एका सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत त्यांनी चौतीस वर्षं काढली. कोणाची नेमणूक, कोणाची बदली, कोणाची रजा, कोणाला नोटीस, सगळं यांच्या टेबलावरून जायचं. निवृत्तीच्या दिवशी लोकांनी हार घातला, नारळ दिला, टेबल मात्र ठेवून घेतलं. हाताखाली कोणी उरलं नाही म्हणून माणूस सैरभैर झाला. पहिले पंधरा दिवस त्यांनी घरच्या स्वयंपाकघराची तपासणी केली. सोळाव्या दिवशी ताईने, म्हणजे माझ्या मेव्हणीने, कोपरापासून हात जोडले.

त्यांची एकुलती पोरगी, माझी भाची, त्याच सुमारास नोकरीसाठी हैदराबादेला निघाली होती. जाता जाता तिने बापाच्या फोनमध्ये ते फोटोंचं ॲप टाकून दिलं. खात्याला कुलूपही घातलं, म्हणजे यांनी होकार दिल्याशिवाय आतलं कोणाला काही दिसणार नाही. आणि म्हणाली, “बाबा, रोज एक फोटो टाकत जा. मी पाहत जाईन.” बापलेकीचं बोलणं तसं बेताचंच. फोनवर काय विचारावं ते न सुचून दोघंही ताईला मध्ये घालणारी. त्यामुळे ही सोय झकास झाली. यांनी फोटो टाकायचा, तिने त्याखालचा बदाम दाबायचा, की दोघांनाही वाटायचं, चला, आज बोलणं झालं.

पण साडभाऊंच्या हाती यंत्रणा लागली आणि ती साधी राहिली, असं कधी झालंय का? कुलूपबंद खात्यात शिरायचं तर विनंती पाठवावी लागते. ॲपच्या लेखी ती विनंती. साडभाऊंच्या लेखी अर्ज. आणि अर्ज म्हटला की छाननी आलीच. प्रत्येकाला उलट निरोप जायचा: ‘संपूर्ण नाव, मूळ गाव, हल्ली मुक्काम आणि आपणांस ओळखणाऱ्या दोन प्रतिष्ठित इसमांची नावे कळवावीत.’ खाप्याच्या त्यांच्या चुलतभावाने ‘अबे, मी हाव ना’ एवढंच कळवलं, तर ‘ओळख पटत नाही’ म्हणून त्याचा अर्ज परत! उलट एकदा एका परदेशी बाईचा अर्ज आला. कपडे बेताचे, नाव उच्चारता न येणारं. असली बाई जगात कुठेच नसते हे शेंबडं पोरही सांगेल. पण तिने छाननीच्या निरोपाला तत्काळ ‘हॅलो डिअर’ असं उत्तर दिलं आणि पुढे तीन बदाम. साडभाऊ जाम खूश. “पाहा गा, परक्या मुलखातली बाई, पन पत्राची पोच देते. आपल्या लोकाइले जमत नाही थे.” मग एके सकाळी त्या बाईचा फोटो ताईच्या नजरेस पडला. “हे कोन सटवी हाय?” ताई कडाडली. “अर्जदार हाय,” साडभाऊ शांतपणे म्हणाले. त्या दिवशी त्यांना दुपारचं जेवण आमच्याकडे घ्यावं लागलं.

रोज सकाळी चहा झाला की दोनशे पानी वही उघडून फॉलोअरांची हजेरी. वहीत प्रत्येकाला क्रमांक. ॲप नुसता आकडा दाखवतं, कोण पळालं ते सांगत नाही. एक जरी कमी भरला की साडभाऊ चष्मा पुसून बसायचे आणि तासाभरात फरारी इसम हुडकून काढायचे. मग थेट फोन. “काहून गा, सोडून गेला म्हनते मले? काही त्रास होता का?” समोरचा ततपप करत पुन्हा अर्ज करायचा. जरीपटक्यातल्या एका कापड दुकानदाराने तर लग्नसराईत बदाम दाबणं जमणार नाही म्हणून रीतसर महिन्याची रजा मागितली. ती मंजूर करताना साडभाऊंच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ना, ते निवृत्तीनंतर मी प्रथमच पाहिलं.

आता हे सगळे लोक पाहायचे तरी काय? तर साडभाऊंनाच. साडभाऊ कूलरपुढे. साडभाऊ नव्या जाळीच्या दारापुढे. साडभाऊ हातात वांगं घेऊन, आणि खाली मजकूर: ‘सदर वांगे घरच्या कुंडीतील असून माहितीस्तव सादर.’ या वांग्यांना आणि जाळ्यांना सलग अकरा वेळा जो बदाम देणार नाही, त्याला कारणे दाखवा नोटीस. मलाही आली होती. मी नोकरी करतो त्या बुटीबोरीच्या कारखान्यात तेव्हा मशिनरी बदलत होती, मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मी तसं कळवलं. उत्तर आलं: ‘कामाची व्यग्रता हे कारण मान्य करता येत नाही. यावेळी समज देऊन प्रकरण मिटवण्यात येत आहे.’ आणि हे पाठवणारा माणूस माझ्याच घरच्या सोफ्यावर, माझ्याच हातचा चहा पीत बसलेला! मी चिडून म्हटलं, “भाऊ, तोंडानं सांगा ना.” तर म्हणे, “तोंडी आदेशाले अर्थ नसते.”

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. पण यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी साडभाऊंनी तशीच नोटीस स्वतःच्या पोरीला पाठवली. तिने सलग अकरा फोटोंना बदाम दिला नव्हता. ‘आपणांस अनुयायी म्हणून का ठेवावे, याचा खुलासा सात दिवसांत सादर करावा.’ खुलासा आला नाही. आठव्या दिवशी त्यांनी यादीत तिचं नाव शोधलं, बाजूचं ‘काढा’चं बटण दाबलं आणि ताठ मानेने आमच्याकडे येऊन सांगितलं, “नियम मंजे नियम. घरच्याले वेगळा आन बाहेरच्याले वेगळा, असं मी जिंदगीत केलं नाही.” आमच्या हिने कपाळावर हात मारला. मी पेपरात डोकं घातलं. बोलायला हवं होतं.

पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले. या वेळी मान ताठ नव्हती. पोरगी आईला रोज फोन करत होती, पण बाबांना फोन दे म्हणत नव्हती. साडभाऊ इकडे फोटो टाकत होते, पन्नास-साठ बदाम पडत होते, पण ज्या एका बदामासाठी हा सगळा खटाटोप होता, तो पडत नव्हता. कसा पडणार? कुलूपबंद खात्यातून तिला त्यांनीच बाहेर काढलेलं. त्यांनी माझ्यापुढे फोन धरला. “तुमच्या फोनात नेमनुकीचं बटन हाय का गा? माह्याच्यात काढाचं हाय, घ्याचं सापडूनच नाही राहिलं.”

“नसतेच ते, भाऊजी,” आमची ही म्हणाली. “फॉलोअर काढता येते, नेमता येत नाही. त्याच्या मनात आलं तरच थो येते.”

साडभाऊंनी तरी एकदा फोनमधली सगळी बटणं चाचपून पाहिली. चौतीस वर्षं नेमणुका करणाऱ्या माणसाला हे कळायला फार जड गेलं असणार. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, आला नाही.

ते गेल्यावर मी भाचीला फोन लावला. म्हटलं, पोरी, बाप तुझा वेडा आहे, तू तरी कशाला मनावर घेतेस? ती म्हणाली, “मावसाजी, नोटिशीचं राहू द्या. ते अकरा फोटो नीट पाहिले का तुम्ही? एकेका फोटोत बाबा वाळत चालले. शर्टाची कॉलर गळ्यापासून सुटली. मी आईच्या मागे लागले, बाबांना डॉक्टरकडे ने म्हणून, तर बाबाच ऐकत नाहीत. तसल्या फोटोले मी बदाम दाबू?” आणि मग एवढी शिकलेली, चांगल्या हुद्द्यावरची पोरगी हमसून हमसून रडली. आम्ही सगळे रोज त्या फोटोंवर बदाम दाबत होतो हो. एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

मी हे जसंच्या तसं साडभाऊंना सांगितलं. त्यांनी दोन बोटं कॉलरमध्ये घालून पाहिली. बोटं सहज फिरली. “मग आता?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “आता तुम्ही अर्ज करा. तिच्या खात्यालाही कुलूप आहे. तुम्ही तिचे फॉलोअर व्हा.” तेव्हा कळलं की या गृहस्थाने आजवर एकालाही फॉलो केलेलं नाही, पोटच्या पोरीलाही नाही. “आपन कोनाच्या मागं जात नसतो गा,” ते पुटपुटले. पण पुटपुटता पुटपुटता बटण दाबलं, आणि दाबून झाल्यावर घाम पुसला.

दहा मिनिटांत तिचा निरोप आला. बापाचीच लेक ती! ‘आपला अर्ज प्राप्त झाला. अर्जासोबत वैद्यकीय तपासणीचे प्रमाणपत्र जोडलेले नाही. त्रुटीची पूर्तता होईपर्यंत अर्ज प्रलंबित ठेवण्यात येत आहे.’ मला वाटलं, आता हे भडकणार. साडभाऊंनी तो मजकूर दोनदा वाचला. “बरोबर हाय,” ते म्हणाले. “नेमनुकीच्या वेळी लागतेच थे.”

ताईने महिनाभर डोकं फोडून जे झालं नव्हतं, ते एका शेऱ्याने झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडभाऊ उपाशीपोटी रक्त देऊन आले. साखर चांगलीच वाढलेली निघाली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, गोड बंद केलं, जरा दटावलंही. त्या कागदांचा फोटो त्यांनी आमच्याच घरी बसून लेकीला पाठवला आणि पाय जुळवून, हात मांडीवर ठेवून वाट पाहत बसले. चौतीस वर्षं यांच्या टेबलासमोर लोक असेच बसत असतील. अर्ध्या तासाने फोन वाजला. अर्ज मंजूर.

तिचं पान उघडलं. साडभाऊंनी पहिल्याच फोटोवर बोट ठेवलं आणि ते थांबले. कमरेपर्यंतची वेणी घेऊन गेलेली, नवी नोकरी म्हणून अजून एकदाही घरी न आलेली पोरगी तिथे खांद्यापर्यंतच्या केसांत हसत उभी होती.

“केस कधी कापले इनं?”

“सात-आठ महिने झाले, भाऊ.”

“तुमाले मालूम होतं?”

मला माहीत होतं. हिला माहीत होतं. ताईलाही माहीत होतं. मी मान हलवली. ते बराच वेळ तो फोटो बोटांनी मोठा करून पाहत राहिले.

“चांगली दिसते गा पोरगी,” ते म्हणाले. मग आवाज एकदम खाली आला. “आठ महिने. आन मी इकडं माह्याच तोंडाचे फोटो टाकून राहिलो.”

आमच्या हिने चहा आणून ठेवला, बिनसाखरेचा. त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी फोन चष्म्याजवळ धरला, बोटाने पान सरकवत सरकवत अगदी तळाशी गेले, आणि लेकीचा सगळ्यात पहिला फोटो उघडून तिथून पाहायला सुरुवात केली.