केळी वेफर्सचं पाकीट

माझ्या डोळ्यांना एक खोड आहे. दुकानाची पाटी दिसली की मला आधी अक्षरं दिसतात, मग दुकान. ही खोड घेऊन बुऱ्हाणपुरात माणूस सुखानं जगू शकत नाही. शाळेतून घरी येताना वाटेत एक दवाखाना लागतो. त्याच्या बोर्डवर डॉक्टरांचा फोटो इतका मोठा आहे की वेळ लिहायला जागाच उरली नाही, ती खाली भिंतीवर खडूनं लिहितात. पुढे चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स आणि श्रद्धांजलीचा फ्लेक्स शेजारी शेजारी. दोन्ही गुलाबी, दोन्हींना तीच फुलांची कमान. माणूस गेलाय की त्याचा वाढदिवस आहे, ते जवळ जाऊन वाचावं लागतं. घरी येऊन मी चिडचिड केली की नवरा म्हणतो, "तुला काय करायचंय? काम चालतंय ना?"

काम चालतंय ना! या तीन शब्दांनी माझं निम्मं आयुष्य खाल्लं आहे.

हे वेड वडिलांचं. ते महाराष्ट्रातून इकडे मध्य प्रदेशात कागदाच्या कारखान्यात नोकरीला आले होते. कागदाच्या कापलेल्या कडा घरी आणायचे आणि त्यावर आमची नावं लिहून वह्यांना चिकटवायचे. "अक्षराकडे बघू नको, दोन अक्षरांमधल्या जागेकडे बघ," म्हणायचे. पुढे मी शाळेत चित्रकला शिकवायला लागले आणि लग्न होऊन बुऱ्हाणपूरजवळच्या जैनाबादला, केळी पिकवणाऱ्या घरात आले.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मोठ्या जाऊबाईंनी घरच्या कच्च्या केळीचे वेफर्स करून विकायचं ठरवलं. त्या माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, शाळा आठवीपर्यंत, आणि हात असा की उकळत्या तेलावर किसणी धरून केळं सरळ कढईत कापतात. मला म्हणाल्या, "पाकिटावर काय छापायचं ते तू पाहा. दिवसभर दुसऱ्यांच्या बोर्डाला नावं ठेवते, आता आपलं करून दाखव."

मी महिनाभर त्यात होते. 'केळी वेफर्स' ही अक्षरं हातानं काढली, वीसेक वेळा तरी. शेवटी पांढरट पाकीट, वरच्या बाजूला गडद हिरव्या रंगात नाव, तळाशी बारीक ओळ: सैंधव घातलेले, उपवासाला चालणारे. बाकी काही नाही. मला ते इतकं आवडलं की मी ते कपाटाला लावून येता-जाता बघत होते.

बुऱ्हाणपुरातल्या राजपुऱ्यात डीटीपीचं एक दुकान आहे, तिथे घेऊन गेले. दुकानदारानं पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, बाकी का मॅटर?"

"एवढंच आहे."

"मतलब, फोटो वगैरह?"

"नाही. मागच्या बाजूला फक्त माहिती टाईप करायची."

त्यानं टाईप केलं: कच्ची केली, तेल, सैंधव. मी म्हटलं, "केली नाही, केळी. ळ हवाय." तो म्हणाला, "मॅडम, यहाँ सब समझ जाते हैं।" समजतात म्हणून चुकीचं छापायचं? माझा आवाज चढला तसा तो एकेक बटण दाबत ळ शोधायला लागला. सापडायला दहा मिनिटं लागली. त्या फॉन्टमध्ये ळ होता, एवढ्या वर्षांत त्याला कुणी मागितलाच नव्हता.

दुपारी नमुना बघायला गेले तर पाकिटावर एक हसरी बाई, सोनेरी किरणं आणि पिवळीधमक पिकलेली केळी! वेफर्स कच्च्या केळीचे, आणि वर पिकलेली. "थोडा भर दिया," तो म्हणाला, "खाली लग रहा था।" मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि एकेक करून सगळं काढायला लावलं.

पाकिटं छापून आली. जाऊबाईंनी एक हातात घेऊन उलटंपालटं केलं. "छान आहे गं. पण अजून पूर्ण व्हायचंय ना?"

"ताई, हे पूर्णच आहे."

"असं होय," म्हणाल्या, आणि भरायला बसल्या.

नवरात्रात आम्ही ती पाकिटं इच्छापूरला देवीच्या देवळाजवळच्या एका दुकानात ठेवली. उपवासाचे दिवस, माणसांची रीघ. चार दिवसांनी गेलो तर जवळजवळ सगळी तशीच. दुकानातली म्हातारी बाई म्हणाली, "लोकं विचारतात, हे इसबगोल आहे का?"

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या देवळात गेल्या. मी मात्र समोरच्या नारळाच्या दुकानापाशी तासभर उभी राहिले. राग सगळ्या गावावर होता. यांना डोळे नाहीत, यांना फक्त भडक कळतं, असं मनात चाललं होतं. मग हळूहळू दिसायला लागलं. म्हातारी पाकिटं तारेला टांगत होती. टांगण्यासाठी वरची बाजू दुमडून चिमटा लावत होती. महिनाभर घासून काढलेलं 'केळी वेफर्स' हे नाव बरोबर त्या दुमडीत जात होतं. समोरून दिसायची ती नुसती पांढरी पिशवी आणि तळाची बारीक ओळ. एका बाईनं हात वर करून पाकीट चाचपलं, फिरवून पाहिलं, सोडून दिलं आणि शेजारचं भडक पाकीट घेऊन गेली. तिचं काहीच चुकलं नव्हतं. मी महिनाभर ते पाकीट टेबलावर आडवं ठेवून पाहिलं होतं. दुकानात ते कसं लटकेल हे एकदाही पाहिलं नव्हतं. मी, जी गावभरच्या पाट्यांना हसते!

परतताना मी जाऊबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग नाव खाली सरकव. आणि मधे खिडकी ठेव. मी एवढे कुरकुरीत वेफर तळते, अन् तू ते झाकून टाकलेस."

खरंच, त्या महिन्यात मी अक्षरांचा विचार केला होता, वेफर्सचा नाही. कागदावर त्यांना जागाच दिली नव्हती.

नवीन पाकिटात नाव खाली आलं, मोठं झालं. मधे पारदर्शक खिडकी आली. मला ती चौकोनी हवी होती, त्यांना केळीच्या आकाराची. दोन दिवस घरात धुसफूस झाली. केळी जिंकली. लांबून ती होडीसारखी दिसते आणि मला आजही टोचते. पण दिवाळीपर्यंत बुऱ्हाणपुरातल्या दुकानांतून मागणी यायला लागली, घरी दुसरी भट्टी आली. पूर्वी फोन वाजला की तो नवऱ्याच्या, जेठजींच्या हातात देणाऱ्या जाऊबाई आता दुकानदारांना स्वतः दटावतात, "वर नका टांगू, समोर मांडा."

गेल्या महिन्यात एका दुकानात मला दुसऱ्याच कुणाचं तरी पाकीट दिसलं. तीच होडी, तोच हिरवा, माझीच अक्षरं, वर दोन सोनेरी तारे जास्त. मी तशीच डीटीपीवाल्याकडे गेले. तो अगदी आनंदानं म्हणाला, "आपका डिज़ाइन अच्छा है मॅडम, इसलिए सबको वही दिखाता हूँ।" यावर काय भांडायचं?

रागानं लाल होऊन घरी आले आणि ते पाकीट जाऊबाईंपुढे आपटलं. त्यांनी ते फोडलं, एक वेफर तोंडात टाकला, चावला. "तेल जुनं आहे यांचं."

"ताई, त्यांनी आपलं पाकीट चोरलंय!"

"मग तू दुसरं काढ. तुला येतं ना."

आता मी दुसरं काढते आहे. आमचा रोज वाद चालू आहे, कारण या वेळी त्यांना जांभळा रंग हवा आहे.