घरत मॅडमचा सुयांचा वर्ग

घरत मॅडम शिकवताना कधी एका जागी थांबल्या नाहीत. शहापूरच्या आमच्या रुग्णालयात त्या ॲक्युपंक्चर शिकवायच्या, आणि एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे अशा सुटायच्या की वही घेऊन मागे धावावं लागे. मध्येच कुणाचं तरी बोट धरून रुग्णाच्या खांद्यावर ठेवायच्या. "दाबून बघ. बोटाला काय कळलं ते सांग, पुस्तकातलं नको."

मी हाडांच्या विभागातला निवासी डॉक्टर. आम्हा इतर विभागांतल्या निवासींना पंधरा दिवस त्यांच्याकडे पाठवत. तीन दिवस पडद्यावरची चित्रं, मग थेट रुग्ण. निम्मे जण हजेरीची सही करून निघून जात. मी थांबायचो, पण मनातल्या मनात हसायचो. मॅडमना ते कळे. "हस रे, हस. पण हात हलका ठेव. सुईखाली माणूस हाय." त्या मूळच्या मुरबाडकडच्या, घाईत गावची बोली तोंडात येई.

दहाव्या दिवशी धसईच्या आवडाबाई आल्या. भाजीच्या पाट्या वाहून त्यांचे खांदे आखडले होते. मॅडम शेजारच्या खोलीत होत्या, मला वॉर्डातून सारखे फोन येत होते. त्यांची वाट न पाहता मी बाईंच्या खांद्यावर सुया टोचल्या, थोड्या वेळाने काढल्या आणि त्यांना घरी पाठवलं.

तासाभराने त्या एसटी स्टँडवरून परत आल्या. "दाक्तर, दम लागतोय रे. छातीत कळ येते."

एक्स-रेत दिसलं. सुई खोल जाऊन फुफ्फुसाला लागली होती, छातीत हवा साठली होती. थोडीच होती, ऑक्सिजनवर निभावलं. मॅडमनी आवडाबाईंना सगळं खरं सांगितलं. मी खाटेच्या पायथ्याशी मान खाली घालून उभा होतो. चार दिवसांनी त्या घरी गेल्या.

वरिष्ठांच्या बैठकीत मलाही बोलावलं होतं. तिथे वर्ग बंद करायचं जवळजवळ ठरलं. मॅडम उठल्या. "मी यांना कुठं टोचायचं ते शिकवलं, कुठं थांबायचं ते नाही. वर्ग बंद नका करू, बदलू द्या."

मग मीही उभा राहिलो. "मी मॅडमना न विचारता टोचलं."

वर्ग बदलला. पहिला आठवडा सुई नाही. एकमेकांच्या बरगड्या चाचपायच्या, त्वचेखाली किती जागा आहे ते ओळखायचं, मग पहिली सुई स्वतःच्या पायात. मॅडमनी शेजारी उभं राहून पाहिल्याशिवाय वर्ग पूर्ण झाल्याची सही मिळत नसे. आता कुणी पळून जात नव्हतं.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी मी वाशिंदहून भेटायला गेलो. तोवर तिथे माझा दवाखाना झाला होता. हार गळ्यात असतानाच त्यांनी विचारलं, "आवडाबाईची माफी मागितलीस का रे?"

"नाही, मॅडम."

"चल," म्हणाल्या, आणि हार खुर्चीवर टाकून निघाल्याच.

धसईला आवडाबाई अंगणात भात वाळवत होत्या. मी सांगितलं, माझी चूक होती, माफ करा.

"मी चार दिस त्या खाटेवर होते," त्या म्हणाल्या. "तवा का नाय बोललास?"

मी मॅडमकडे पाहिलं. त्या वाकून भात पसरू लागल्या होत्या.

मॅडम आता नाहीत. आवडाबाईंना द्यायला उत्तर मला अजून सापडलेलं नाही.